बिबट्याच्या कृपेची वीज

१४ नोव्हेंबर २०२५

अखेर पिंजरा आला! आमच्या उसाच्या कडेला, ओढ्याकाठी त्याची यथासांग प्रतिष्ठापना झाली. आतल्या स्वतंत्र कप्प्यात आमचा बांधशेजारी सूर्यभान याचा बोकड – सुरक्षित, आणि यजमानापेक्षा अधिक प्रसन्न. ग्रामसभेत ‘बिबट्या हटवा’ ही गर्जना सर्वांत मोठ्याने करणारा हाच सूर्यभान. वनरक्षक सुनील यांनी दार वर चढवून कळ बसवली. श्वापदाचा पाय फळीवर पडला की दार खाली. मी दोन शब्द बोललो. पहिल्याच शब्दाला निम्मे लोक पांगले.

गेल्या महिन्यात या नराधमाने (की पशुपुंगवाने?) आमच्या ओसरीवरून मोती नेला. कुत्रा म्हणून तो सामान्यच होता. पण आमचा होता. या वैराचा निकाल लागल्यावाचून मला स्वस्थता नाही.

१६ नोव्हेंबर

बिबट्याचा वावर आहे म्हणून वीज कार्यालयाने आमच्या भागाला शेतीची वीज दिवसा सुरू केली. आजवर ती केवळ रात्री अवतरत असे. मी श्रीरामपुरास विद्यालयात संस्कृत शिकवून वेतन घेतो; शेती धाकटा बंधू बन्सी पाहतो. आता तो उन्हात पाणी भरतो आणि रात्री घोरतो. घोरणे भिंतीपलीकडून ऐकू येते. शत्रूचा एवढा एकच उपकार.

१९ नोव्हेंबर

पिंजऱ्याचे दार पडलेले. आत बोकड. बिबट्या नाही.

२० नोव्हेंबर

पुन्हा तेच.

२३ नोव्हेंबर

पुन्हा! सुनील म्हणाले, “सर, हे वाऱ्यानं पडत नाही. माणसाचा हात आहे.”

रोज संध्याकाळी कोणी तरी दार पाडून जातो आणि बिबट्या बाहेरून बोकडाचे क्षेमकुशल विचारून परततो. संशय सूर्यभानवर. बोकड त्याचा, ममत्व बळावले असावे.

२४ नोव्हेंबर

सूर्यभानच्या अंगणात जाऊन भर सकाळी त्याला कृतघ्न, दांभिक आणि गोमुखव्याघ्र म्हणालो. तो दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, “झालं का, गुरुजी? आता घरात जाऊन इचारा.”

“कोणाच्या घरात?”

“तुमच्याच की.”

२५ नोव्हेंबर

जेवताना बन्सीला विचारले. त्याने भाकरी मोडणेही थांबवले नाही.

“व्हय, मीच पाडतो. येखादे दिवशी सूर्यभान पाडतो. समद्या वस्तीला ठावं हाय.”

“कारण?”

“बिबट्या धरला की दिवसाची लाईट गेली, दादा. मंग पुन्ना रातच्याला उसात. साप, इंचू, आन् ह्याच्या जागी दुसरा बिबट्या आला तर त्यो बी. ह्यो हाय तवर आमी उजेडात पानी धरतो. तुमी येता का ब्याटरी धरायला?”

माझी पत्नी अश्विनी वाढता वाढता म्हणाली, “भाऊजी, यांना नेऊ नका. उसाला सुभाषितं ऐकवत बसतील.”

म्हणजे ग्रामसभेतल्या त्या गर्जना पिंजरा यावा म्हणून होत्या, बिबट्या जावा म्हणून नव्हेत! पिंजरा दिसला की वीज कार्यालयाला धोका दिसतो. साऱ्या वस्तीत हे न कळलेला एकमेव मनुष्य तोंडात घास धरून बसला होता.

२६ नोव्हेंबर

सुनील यांना सर्व सांगितले. द्रोह गृहातला असला तरी द्रोहच. त्यांनी पिंजरा ओढ्यापलीकडे, वनखात्याच्या कुंपण घातलेल्या रोपवाटिकेत हलवला. तिथे राखणदार आहे. बन्सीने मला पाहून मान फिरवली. फिरवो.

२ डिसेंबर

सापडला. मध्यमवयीन नर, आम्ही जवळपास समवयस्क. गर्दी एवढी की बिबट्याला माणूस दिसेना, नुसते मोबाईल. त्याने गजांवर डोके आपटून कपाळ रक्तबंबाळ करून घेतले. मला शाल आणि श्रीफळ. भाषण केले. मोतीचाही उल्लेख केला. टाळ्या तुरळक, वस्तीवरचे कोणीच नव्हते. बन्सीही नव्हता.

८ डिसेंबर

धोका टळला, सबब दिवसाची वीज बंद. आजपासून पूर्ववत रात्री.

वाटेत सूर्यभान भेटला. “ती शाल आना, गुरुजी. रातच्याला थंडी लई हाय उसात.”

घरी येऊन शाल पेटीच्या तळाशी ठेवली.

११ डिसेंबर

बन्सी पहाटे येतो, चिखलाचे पाय धुतो, निजतो. माझ्याशी अक्षर बोलत नाही. काल रात्री त्याच्या पायाजवळून घोणस गेली, हे मला अश्विनीकडून कळले. “मोतीचा सूड मिळाला ना?” एवढेच ती म्हणाली आणि ताट सरकवले.

या घरात सध्या मीच श्वापद आहे.

१२ डिसेंबर

तर्क सरळ आहे. वीज हवी तर धोका हवा. धोका हवा तर बिबट्या हवा. आणि बिबट्या नसेल तर तो विद्वानांनी निर्माण करावा.

सूर्यास्ताला आमच्या बांधावरच्या ओल्या चिखलात बसून, मूठ आणि चार बोटे वापरून, सुबक पाऊलखुणा उमटवल्या. संस्कृतचा अध्यापक, वय त्रेपन्न, धोतर गुडघ्याच्या वर. छायाचित्र काढून सुनील यांना धाडले. सकाळी पाहणीला येतो म्हणाले.

बन्सीला सांगितले नाही. आजच्या रात्री त्याची पाळी आहेच. उद्यापासून, ईश्वर करो, उजेडात.

१३ डिसेंबर

सुनील उकिडवे बसले. “सर, हे कुणी तरी हातानं केलंय. नखं काढलीत बघा. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो.” नखे मी हौसेने काढली होती.

मग ते पुढे सरकले आणि खाली वाकले. माझ्या शेवटच्या ठशावर अर्धा चढलेला आणखी एक ठसा होता. मोठा. नखे नसलेला.

बन्सी पहाटेपर्यंत याच बांधावर पाणी धरत होता.