गरम झाल्यावर ओढत नाही

९ एप्रिल
गाडीची किल्ली आता प्रशांतच्या खिशात. काल मामाजींनी गाडी अंगणात घेताना थेट गोठ्याच्या खांबावर घातली. बंपर फुटला, खांब कलला, म्हैस दावं तोडून पार मारुतीच्या पारापर्यंत पळाली. माणसाला काही झालं नाही हे नशीब. मामाजी म्हणतात, ब्रेक दगडासारखा झाला, दाबला तरी गाडी थांबेना. प्र. म्हणाला, ब्रेक समजून दुसरंच काही दाबलं असेल. जेवताना, सगळ्यांदेखत म्हणाला. मामाजी पानावरून उठले नाहीत, पण भाकरीही मोडली नाही.

बापाला असं बोलायचं? राग आला. इंझोरीतल्या निम्म्या बाळंतिणी या माणसाने कारंज्याला पोचवल्या, रात्र म्हटली नाही की पाऊस. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच. नवरा "तुले कायले पायजे" म्हणत होता तेव्हा सासरा शेजारच्या सीटवर बसून क्लच शिकवत होता.

१० एप्रिल
प्र.ने गाडीची "परीक्षा" घेतली. उठल्या उठल्या गावातल्या गावात एक चक्कर, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत. ब्रेक मऊ, ओढ झकास. निकाल लागला, गाडी पास, बाप नापास.

मामाजी ओट्यावर बसून ऐकत होते. नंतर मला हळूच म्हणाले की चढावर गाडी ओढत नाही हे ते होळीपासून सांगताहेत, पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण. बूस्टचा मीटरही खाली राहतो म्हणे. हा मीटर प्र.चीच हौस, स्टिअरिंगशेजारी बसवलेलं गोल घड्याळ. टर्बो इंजिनात किती हवा दाबतो ते दाखवतं. चढावर काटा एकच्या वर जायला हवा. मामाजी त्याला गाडीचं थर्मामीटर म्हणतात.

१२ एप्रिल
मामाजींचं मला आणणं-नेणं बंद, म्हणून कारंज्याच्या शाळेत शिकवायला जाताना मीच गाडी नेली. सकाळची शाळा आहे. निघताना गाडी वाऱ्यासारखी. निम्म्या वाटेवर चढ लागला आणि संपलं. पाय पूर्ण दाबलेला, काटा अर्ध्यावर, गाडी दमेकऱ्यासारखी. मागून ट्रॅक्टर आला आणि पुढे निघून गेला. ट्रॉलीतल्या बायकांनी मला हात केला. मीही केला, काय करता.

कारंज्यात शिरताना ब्रेकही जड लागला. दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळून, सीटला पाठ लावून दाबला तेव्हा थांबली.

मामाजी खरं बोलत होते. घरी आल्या आल्या सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले, पण दुपारी दोन भाकरी खाल्ल्या.

प्र.चं म्हणणं, मीटर चायना माल आहे, बिघडला असेल. आणि ब्रेक? तुला सवय नाही.

१४ एप्रिल
कारंज्याला सलीमभाई मेकॅनिककडे गाडी सोडली. त्यांच्या हातात आधीच एक जीप होती. आपली दोन-तीन तास लिंबाखाली उभी. मग चक्कर मारून आले, म्हणाले, भाभी, गाडी में कुछ नहीं, मीटर झूठा है. प्र.ला फोनवर हेच ऐकायला मिळालं, मग काय. दिवसभर मान ताठ.

१५ एप्रिल
मीटर खोटा की खरा, ते आधी बघायचं ठरवलं. पंक्चरवाल्याकडे गेले. मीटरची बारीक नळी काढून त्याच्या हवेच्या पाइपाला जोडायला लावली. त्याच्या घड्याळात एक दिसेल एवढी हवा सोडली. आपला काटाही बरोबर एकवर. पुन्हा केलं, पुन्हा एकवर. मीटर खरा आहे.

परत येताना डोक्यात आलं. प्र.ची चक्कर, सलीमभाईंची चक्कर, दोन्ही थंड गाडीवर. तापल्याशिवाय ही बया रोग दाखवतच नाही. आपण मात्र माणसाला मोकळा वेळ मिळाला की गाडी तपासतो, गाडीला ताप चढला आहे का हे कोण बघतो.

मामाजींना सांगितलं. म्हणाले, "मंग तापलेलीच ने न त्याच्याकडं. तोंडापुढं उभी कर."

१७ एप्रिल
सापडलं!

शाळा सुटल्यावर मुद्दाम लांबचा फेरा मारून गाडी चांगली तापवली. सलीमभाईंच्या दारात नेली, इंजिन बंद केलं नाही. त्यांना म्हटलं, आत्ता बघा, चहा नंतर. त्यांनी रबरी पाइपाचा तुकडा घेतला, एक टोक कानात, दुसरं बॉनेटच्या आत फिरवत राहिले. इंजिनाच्या मागच्या अंगाला थांबले. मलाही ऐकवलं. सूं सूं, बारीक, दात किडलेल्या माणसाने श्वास घ्यावा तसा. तिथे हवा आत ओढली जात होती. बोटाने तो जोड दाबून धरला, मला ब्रेक दाबायला सांगितलं. ब्रेक मऊ! बोट सोडलं, दोनदा दाबला, पुन्हा दगड.

सलीमभाई म्हणाले, टर्बोचा दांडा खेचायला आणि ब्रेक हलका करायला व्हॅक्यूमचा पंप एकच. नळी गळली की दोघंही उपाशी.

मूळ नळी उंदराने कुरतडलेली. मधला तुकडा काढून कोणीतरी तिथे संत्र्याच्या झाडांना पाणी देतात ती ठिबकची नळी घातली होती. थंड असते तोवर घट्ट बसते, इंजिन तापलं की मऊ पडते आणि जोड ढिला होतो. सलीमभाई हसत सुटले. "भाभी, इंजन में संत्रे लगाने थे क्या?"

मीही हसले. मग तुकडा हातात घेतला. टोक तिरपं कापलेलं, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून शेवट आत खोचलेला. आपल्या बगीच्यात ठिबकचा प्रत्येक जोड असाच आहे. असा जोड गावात एकच माणूस बांधतो.

नवी नळी टाकली. येताना त्याच चढावर काटा एकच्या पार. रडू की हसू कळेना.

घरी सगळ्यांसमोर सांगितलं, गाडीच खराब होती, ब्रेक खरंच लागत नव्हता. मामाजींच्या हातावर तो तुकडा ठेवला. वाटलं, डोकं खाजवतील, हसून कबूल करतील. लबाडी पकडली गेली की ते डोकं खाजवतात, सगळ्या घराला ठाऊक आहे. त्यांनी तुकडा उलटसुलट पाहिला.

"ठिबकची नळी इंजिनात? कोन्या गाढवानं लावली हे?"

मनापासून हसले. डोकं खाजवलं नाही.



१८ एप्रिल
प्र.ने किल्ली स्वतःच्या हाताने खिळ्याला लावली. चुकलं माझं, बाबा, म्हणाला. सोपं नव्हतं त्याला, म्हणून जास्त बरं वाटलं. मामाजींनी दाढी केली, धुवट सदरा घातला आणि गाडी काढली. पारावर, दुकानावर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडे सांगून आले की गाडीची चूक होती.

नळी कोणी लावली, प्र.ने विचारलं. कोणा मिस्त्रीने लावली असेल, म्हटलं. त्या हसऱ्या चेहऱ्यांमध्ये खरं तोंडातून निघेना.

२१ एप्रिल
शाळा सुटली तरी मामाजी आले नाहीत. फोन केला. म्हणाले, केव्हाचा उभा आहे, तूच कुठं राहिलीस? ते माझ्या जुन्या शाळेच्या फाटकापुढे उभे होते. ती शाळा मी सोडून वर्षं झाली.

आले तेव्हा म्हणाले, तिकडे एक काम होतं. आणि डोकं खाजवलं.

गाडी सुरेख चालली. ब्रेक मऊ, काटा जागच्या जागी. मी खिडकीची कड घट्ट धरून बसले होते. किल्ली परत मिळवून दिली ती मीच. मागच्या सीटवर उद्या कोणाची लेकरं बसतील.

२२ एप्रिल
प्र.ला म्हटलं, मामाजींना एकदा अकोल्याला डॉक्टरकडे नेऊ. बीपी वगैरे. म्हणाला, नेऊ, लग्नसराई आटपू दे. आणि मग, "पाह्य न, बाबा कसे खूश होऊन राह्यले." पुढचं मी गिळलं. भित्री आहे मी.

२४ एप्रिल
संध्याकाळी बगीच्यात पाण्याची लाइन फुटली होती, मामाजी जोड बांधत होते. मी कंदील धरावा तसा मोबाइलचा उजेड धरून उभी. नळी तिरपी कापली, पट्टी गुंडाळली, शेवट आत खोचला. आणि हात तसेच थांबले. बराच वेळ त्या जोडाकडे पाहत राहिले.

"वंदना, गाडीतली ते नळी म्याच लावली होती काय?"

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"आता नोको सांगू. आज झोपू दे मले. सकाळी इचारतो. नाही इचारलं तं तू आठवन दे."

मी हो म्हटलं. दोघं बांधावरून घरी आलो.

२५ एप्रिल
माझ्या आधी उठले होते. चहा घेतला. म्हशीबद्दल बोलले, लाइनला पाणी चांगलं आल्याचं सांगितलं, दुपारी किती वाजता घ्यायला येऊ ते विचारलं. मी कप हातात धरून वाट पाहत होते. विसरले, की विचारायची हिंमत झाली नाही? चेहऱ्यावरून कळेना. एकदा वाटलं, माझ्याकडे पाहून चटकन नजर वळवली. एकदा वाटलं, छे, माझ्या मनाचे खेळ.

मग खिळ्यावरची किल्ली घेतली. "चाल, उशीर होऊन राह्यला तुले."

चढ आला. गाडी मस्त ओढत होती. त्यांनी मीटरकडे बोट केलं, काटा एकच्या वर. लहान पोरासारखे खूश.

छान चालतेय, मामाजी, म्हटलं.

आठवण अजून दिलेली नाही.