चांदण्या-बदामांची वही

शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार

प्रिय संयोगिताताई,

तुझा फोन अजून आण्णांच्या कपाटात आहे, म्हणून हे पत्र. मुरगूडला दूध आणायला जाणाऱ्या टेम्पोवरच्या आकारामकडं देतोय. मावशीच्या नाही, तुझ्याच हातात दे म्हणून शपथ घातलीय. रविवारी तुला बघायला पावणे येणार आणि तू मुकाट्यानं हो म्हणालीस, असं आई सांगत होती. त्याच रविवारी तुझी बँकेची परीक्षा आहे. वयाच्या अटीत बसणारी शेवटची. तिचं नाव मात्र घरात कुणी काढत नाही.

माझं ऐक. शिरोलीत आमच्या फौंड्रीत सुपरवायझरसाठी लेखी परीक्षा घेणार आहेत. मीही नाव दिलं. आता फुटबॉल सोडून मी जन्मात कशाचा सराव केलाय सांग! पुस्तक आणलं आणि बाविसाव्या पानावर आडवा झालो. चांदणी म्हणजे एक, त्रिकोण म्हणजे शून्य, आणि चांदणी डावीकडं एक घर सरकली की तिची किंमत दुप्पट. मग चांदणी, त्रिकोण, चांदणी म्हणजे किती? मी बिनधास्त दोन लिहिलं. उत्तर निघालं पाच. आयला, डोकंच फिरलं. दोन दिवस मशीनवर उभा राहूनसुद्धा तेच मांडत होतो, फोरमननं शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी जमलं, आणि जमल्या जमल्या आठवलं. असली पानं मी आधी बघितली होती की!

माळ्यावर चढून ट्रंकेतनं तुझी वही काढली. तुझ्या वहीत त्रिकोणाच्या जागी बदाम आहे, बाकी गणित तेच. एकेक पान सोडवत बसलो. ज्या पानावरनं घरात एवढं रामायण झालं, तिथं तू पाच आणि सहाचा लसावि काढला होतास. तीस. चार चांदण्या आणि शेवटी एक बदाम! सबंध वहीत कुणा पोराचं नावगाव नाही. आणि आम्ही सगळ्यांनी त्या पानांना चोरून लिहिलेल्या प्रेमाच्या चिठ्ठ्या ठरवलं. आण्णा वही नाचवत होते, तू रडून रडून सांगत होतीस की हे गणित आहे, आणि मी दारात उभा राहून हसलो, गणितात कुठं बदाम असतोय व्हय, म्हणून. त्या हसण्याची आता इतकी लाज वाटते की आरशात बघवत नाही. दुसऱ्या दिवशी तुला मावशीकडं धाडलं आणि मी गल्लीत मॅच बघायला गेलो.

आता खरी गोष्ट लिहितो. अंथरुणाच्या घडीखाली वही आण्णांना सापडली, असं तुला वाटतं. त्यांना काही सापडलं नव्हतं, ताई. वही मी काढली, मीच नेऊन दिली. तालमीतली पोरं तुझ्यावरनं काहीबाही बोलली होती आणि मला भाऊपणा दाखवायचा होता. आज सकाळी हे आण्णांपुढं कबूल केलं. त्यांनी एक कानफटात ठेवून दिली आणि चप्पल घालून बाहेर पडले. पावण्यांना या म्हणतील की नको म्हणतील, मला माहीत नाही, आणि वाट बघायला वेळ नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तुझा नोंदणी क्रमांक होता, त्यावरनं हॉल तिकीट काढलंय. रविवारी सकाळी सहाला मुरगूडच्या स्टँडवर गाडी घेऊन उभा असेन. तू माफ करावंस असं म्हणत नाही. कोल्हापूरपर्यंत एक शब्द बोलू नकोस, पेपर झाल्यावर आयुष्यभर बोलू नकोस, पण येऊन मागं बस.

तुझाच,
सम्राट