बंद झालेला थांबा

१४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? इथे सगळं ठीक. स्वयंपाकघराला रंग दिला, खिडकीचं बिजागर बदललं. डेपोने मला थोडी सुट्टी दिली होती, ती संपली. कशाची सुट्टी म्हणशील, तर विशेष काही नाही. दमले होते.

बरं, खरं सांगते. नाहीतर तू खोदून खोदून विचारशील.

शाळेपुढचा थांबा पुलाच्या कामामुळे कोपऱ्यापलीकडे नेला. शाळेतला स्वयंपाक आटोपून आई रोज जिथून माझ्या बसमध्ये चढायची, तोच. पाटी काढली, बाकडं उचललं. माझी बस मात्र तिथे थांबतच राहिली. मी दार उघडायची. कोणी नसायचं. आईला जाऊन इतके महिने झाले, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी पायरीवर वजन पडल्यासारखं वाटायचं, मगच दार लावायची. लोक आधी हसले, मग त्यांनी तक्रार केली.

सुट्टीनंतर डेपोत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मेंदूला चाकोरी पडलीय. लहान गोष्टींपासून मोडायला लागा." म्हणून घड्याळ उजव्या हातात बांधलं, बाजारात दुसऱ्या रस्त्याने गेले, दात डाव्या हाताने घासले. अर्धी पेस्ट हनुवटीला! शाळा आली की मोठ्याने म्हणायचं, "थांबा पुढे आहे." स्वतःशी बडबडणारी ड्रायव्हर बघून लोक पुन्हा हसले. पण जमलं. न थांबता पुढे जायला लागले. तेवढं आरशात बघायचं टाळायची.

परवा संध्याकाळी शाळेपुढून तशीच निघाले, तर मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, थांबवा! म्हातारी हात करतेय!"

पाय ब्रेककडे जाईना. वाटलं, पुन्हा भास. आता थांबले तर सगळं मुसळ केरात. पण भास मला होईल, त्याला कसा होईल? ब्रेक दाबला. आरशात पाहिलं.

पिशवी सावरत एक म्हातारी धावत येत होती. थांबा हलवल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दार उघडलं. एरवी मी सगळ्यांना "या, बसा" म्हणते. माझ्या तोंडून गेलं, "ये आई."

"आले गं," ती म्हणाली. अगदी सहज.

पायरीवर वजन पडलं. या खेपेला खरं.

ती नीट बसेपर्यंत थांबले, मग गाडी काढली. काल तिथे हळू केली, नीट पाहिलं. कोणी नव्हतं. पुढे गेले. डोळे पुसत, पण गेले.

उतरताना त्या म्हातारीने विचारलं, "घरी कोण आहे गं तुझ्या?" आई गेली त्यानंतर तू इकडे फिरकला नाहीस. का, ते मी विचारत नाही. पण माझ्या तोंडून पटकन निघालं, "मोठा भाऊ आहे."

खोटं नाही ना बोलले, दादा?

तुझी,
धाकटी