बॉयलरखोलीचा नारळ

पांढुर्णा, मंगळवार संध्याकाळ, १९५७

मी अन् दादा मुंबईहून सकाळी आलो, पण माझं डोकं अजून तापूनच आहे. लढाईत दादा ज्या जहाजाच्या बॉयलरखोलीत होता, ते आता म्हातारं झालं म्हणून लोकांना पाहायला ठेवलं आहे. तिथं वाफेची नळी फुटली अन् दादा वाचला, म्हणून मायचा नवस होता, त्याच जागी नारळ फोडायचा.

वर कप्तानाची कपबशीसुद्धा काचेत मांडली आहे. अन् खाली जायच्या शिडीला साखळी! पहाऱ्यावरचा शिपाई म्हणे, "नीचे मना है. वहाँ देखने जैसा कुछ नहीं."

काही नाही? कपबशी पाहण्यासारखी, अन् दादा जिथं भाजला ते काहीच नाही? मी भांडून राहिली होती, तर दादाच मला ओढे, "चाल बाई, जाऊ दे." त्याचा तर जास्तच राग आला.

नारळ त्यानं गोदीबाहेर, रस्त्याच्या कडेला फोडला.

घरी मायनं विचारलं, "त्याच जागी फोडला ना रे?"

दादा म्हणे, "हो माय. शिपायानं सोता साखळी काढून देल्ली."

माय आता साऱ्या आळीत खोबरं वाटून राहिली आहे. माझा तुकडा मी अजून तोंडात नाही घातला.