रबरी नळी आणि डावा कान

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी मजेत आहे, मोटर-दुरुस्तीचं आपलं दुकान रोज नऊला उघडतं आणि तुझी हत्यारं तू ठेवलीस तशीच बाकावर आहेत. मावशीचा गुडघा काय म्हणतो? महिनाभर तुला सांभाळतेय म्हणजे तिच्या सहनशक्तीची कमाल आहे.

आता कानाचं. वहिनीच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तुला कळलं असेलच. एका सकाळी उठलो तर डावा कान ठार बंद. दुखणं नाही, सर्दी नाही, आत नुसती एकसारखी शिट्टी. मळ असेल म्हणत मी नऊ दिवस काढले. शेवटी वहिनीने हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी लोखंडी दुहेरी काटा ठोकून माझ्या कपाळावर टेकवला आणि विचारलं, "आवाज कुठल्या कानात येतोय?" सगळा उजवीकडे गेला. "मळ असता तर डावीकडे मोठा आला असता," त्या म्हणाल्या. "बिघाड आत आहे. पहिल्याच दिवशी का नाही आलात? पण दोन आठवडे उलटले नाहीत, हे बरं झालं."

मग स्कॅन झाला, त्यात काही वाईट नाही. गोळ्यांचा कोर्स झाला, डोस हळूहळू उतरवत. त्याने थोडाच फरक पडला, म्हणून आता कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शन, आठवड्याला एक. ऐकूनच मला घाम फुटला होता, पण सोसवतं. पूर्ण बरा होईन का, विचारलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. कुणाचं सगळं परत येतं, कुणाचं निम्मं, कुणाचं अजिबात नाही. मला चक्कर आली नव्हती, ही जमेची बाजू. दोन-तीन महिने वाट पाहायची, नाहीच जमलं तर यंत्र लावायचं. दोन इंजेक्शनं झाली आणि कालच्या तपासणीत ऐकण्याचा आलेख चांगला वर सरकलाय. वहिनीचं बोलणं आता डावीकडूनही आत शिरतं. माझे सुखाचे दिवस संपले.

इथपर्यंत हात भरभर चालला. पुढचं लिहायला मघापासून दोनदा पेन खाली ठेवलंय.

कान गेला तो दिवस बेकरीवाल्यांच्या मोटरचा. तू म्हणालास, "दादा, बेअरिंग घासतंय. परत उघडू या." मी नेहमीसारखी रबरी नळी घेतली, एक टोक बेअरिंगपाशी, दुसरं डाव्या कानात. काही ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "लोण्यासारखी चालतेय, पाठव." चौथ्या दिवशी मोटर जळाली, बेकरीवाले दारात येऊन तडतडले आणि मी त्यांच्यासमोर म्हणालो, "याच्या हाताला नेटकेपणाच नाही." तू हात पुसलेस आणि निघून गेलास.

धाकट्या, नळी लावली तेव्हा कान बंद आहे हे मला माहीत होतं. उजव्या कानाला लावायला कितीसा वेळ लागला असता? पण ते तू पाहिलं असतंस. दुकानात शेवटचा शब्द माझ्या कानाचा, हा तोरा सोडवेना. चूक माझी होती आणि ती मी तुझ्या माथी मारली. कानापेक्षा याचीच लाज जास्त वाटते.

काल बेकरीत जाऊन हे सगळं सांगून आलो. गिऱ्हाइकं उभी होती. तुलाही मी परक्यांसमोरच बोललो होतो, मग माफी तरी आडोशाला कशाला?

कान सुधारेल, याबद्दल मला फारशी शंका नाही. पण सुधारला तरी नळी आता तुझ्या खुंटीला. तू म्हणशील 'उघडू', तर उघडायची.

परत ये. आलास की माझ्या उजव्या बाजूला उभा राहा आणि मनात साचलंय ते सगळं बोल. त्या बाजूने मला नीट ऐकू येतं.

तुझी वाट पाहणारा,
दादा