आठवण काढा

३ मार्च

आले एकदाची! विसर पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची ही निवासी संस्था आहे आणि आजपासून मी इथली स्वयंपाकीण. स्वयंपाकघर एवढं मोठं की माझं अख्खं बिऱ्हाड त्यात मावेल. चकचकीत ओटा, धारदार सुऱ्या, नळाला गरम पाणी. मी तर हरखूनच गेले. मेंदूला मानवेल तेच रांधायचं: अक्रोड, मासे, पालक, जवस, अंडी. मीठ बेताचं आणि साखरेला बंदी. जेवणारे नाकं मुरडतात, पण खातात निमूट. एक निवृत्त मास्तर आहेत. चमच्याला चमचा म्हणतात हेही त्यांना आठवत नाही, पण भाजीत मीठ कमी पडलं की बरोबर कळतं.

नोकरांनाही मेंदूची तपासणी फुकट आहे म्हणे. मी लगेच हो म्हटलं. आई शेवटी शेवटी मला, बाई तुम्ही कोण, असं विचारायची. माझ्यावर तीच पाळी आली तर माझ्या लेकीला आठवणारं जगात कोण उरणार? पहिलीत असताना तापानं गेली बिचारी. तिचा बाप त्याआधीच दुसरा संसार थाटून मोकळा झाला होता. माझ्याशिवाय तिला आहे कोण?

५ मार्च

आज तपासणी झाली. डोक्याला गार मलम फासून वायरींची टोपी चढवली. समोरच्या पडद्यावर रेघा नाचत होत्या. डॉक्टरीणबाई बोलायला अगदी लाघवी. म्हणाल्या, डोळे मिटा आणि कुणाची तरी आठवण काढा. मी दुसऱ्या कुणाची काढणार? लेक ओट्यावर पाय हलवत बसलेली दिसली. चिमट्याला ती ‘चिटमा’ म्हणायची. तो नाकाला लावून शेंबड्या आवाजात माझी नक्कल करायची. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणाल्या, रेघा फार सुंदर आल्यात, रोज सकाळी येत जा. एवढं कौतुक माझ्या स्वयंपाकाचंही कधी कुणी केलेलं नाही.

९ मार्च

रोज जाते. टोपी उतरवली की डोकं कसं हलकं वाटतं. इकडे मास्तर भलतेच सुधारलेत. आज जेवताना मला हाक मारून म्हणाले, चिटमा द्या. सगळं टेबल हसलं. चिमटा म्हणा मास्तर, असं मी सांगितलं तर लहान मुलासारखे रुसले. मग चिमटा नाकाला लावून शेंबड्या आवाजात माझीच नक्कल केली. हसून हसून पोट दुखलं माझं. अक्रोडांचा गुण, दुसरं काय!

११ मार्च

ताईला फोनवर मास्तरांची ही गंमत सांगितली. ती हसलीच नाही. म्हणाली, अगं, चिटमा तर तुझी लेक म्हणायची, आपल्या सगळ्या घराला पाठ होतं ते. तुला झालंय काय?

मी हो हो म्हटलं. पण आठवेना. ओटा आठवला, चिमटा आठवला. ओट्यावर कुणीच नव्हतं. मागच्या पानावर मीच लिहिलंय, पण परक्या पोरीबद्दल वाचल्यासारखं वाटलं. आईचं दुखणं मला लागलं बहुतेक. भीती वाटतेय मला.

१२ मार्च

डॉक्टरीणबाईंना गाठलं. म्हणाल्या, तुमचा मेंदू ठणठणीत आहे. मग मास्तरांच्या तोंडी माझ्या लेकीचा शब्द कसा आला, ते विचारलं. तर शांतपणे म्हणाल्या, नुसत्या अक्रोडांवर मेंदू जगत नाही हो, त्याला माया लागते, आणि मास्तरांना मागेपुढे कुणीच नव्हतं. मी चोर म्हटलं त्यांना. त्या म्हणाल्या, मी तर रोज स्पष्ट सांगत होते, आठवण काढा. तुम्हीच काढून दिलीत.

आणि मी शहाणी, आठवण राहावी म्हणून रोज काढत बसले! जन्मभर हेच तर करत आले. ताई परवा न्यायला येतेय. तोवर त्या टोपीच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही.

१३ मार्च, सकाळ

टोपी लागतच नाही आता. केस विंचरताना तिच्या वेण्या आठवल्या — आणि गेल्या. बाहेर मास्तर नर्सला सांगत होते, माझ्या लेकीला दोन वेण्या लागायच्या, लाल रिबिनी. रिबिनी लाल होत्या?

म्हणजे आठवायचंच नाही. आठवलं की जाते. तिला न आठवता जपायची. ती कशी?

दुपार

पालक निवडतेय. पालक. दुसरा विचार करायचा नाही. तिचे — नाही. पालक. तिच्या अंगाचा साबणाचा वास — गेला.

मास्तर बागेत अंगाई म्हणतायत. तीही माझीच असणार. मेले गातात किती गोड.

१४ मार्च

ताई संध्याकाळी पोचेल. तेवढं निभलं पाहिजे.

एकच उरलंय. त्याच्याकडे बघायचं नाही. तिचा तापलेला हात माझ्या हातात —

लिहायला नको होतं. लिहायला नको —

दुपार

मास्तर स्वयंपाकघरात आलेत. ढसाढसा रडतायत. हात हातात होता म्हणे, निखाऱ्यासारखा तापलेला, आणि लेक गेली. या वयात केवढं दुःख. पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. पण मलाच का रडू आवरत नाहीये — मला कुठे मूलबाळ —