कोरडी चादर

१० जुलै, गुरुवार
कमलमावशीला कसं कळतं? दिवसभर विचार केला.
नर्सिंगच्या चार वर्षांत हे कुणी शिकवलं नाही. मावशी आमच्या बायकांच्या वॉर्डातली आया, सातवी शिकलेली, बावीस वर्षं नोकरी. पेशंटनं तोंड उघडायच्या आत लघवीचं भांडं घेऊन हजर! वॉर्डात पडदे नाहीत. ती दोन सलाइन स्टँडवर स्वतःची जुनी साडी टाकते, पेशंटकडे पाठ करून उभी राहते आणि मोठमोठ्यानं आपल्या घरच्या बकरीचे किस्से सांगते — आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. बकरीनं पाहुण्याचं धोतर खाल्लं, हे आज दुसऱ्यांदा ऐकलं. सगळा वॉर्ड हसला. साडीआड काय झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.
मी बघतच राहिले.

११ जुलै, शुक्रवार
सात नंबरवर धुरपदाबाई, जसोंडी गावच्या. केळीच्या बागेत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. लघवीची नळी काल काढली, तेव्हापासून दोनदा चादर ओली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नळी परत घालून घरी पाठवू.
डॉक्टर गेल्यावर धुरपदाबाईंनी माझा हात धरला. "माय, नळी लावून मी देवापाशी कशी बसू?" चाळीस वर्षं घरची पूजा त्यांच्याच हातची आहे.
मी डॉक्टरांकडे आठ दिवस मागितले. मिळाले! दर दोन तासांनी भांडं द्यायचं, चादर कोरडी की ओली ते लिहायचं. तक्ता मी स्वतः आखला, स्केचपेननं.

१२ जुलै
तीनदा ओली. सून पल्लवी चादर काढताना नाक दाबते. धुरपदाबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

१४ जुलै, सोमवार
कोरडी! कोरडी! कोरडी!

१६ जुलै
सलग तिसरा दिवस. डॉक्टरांनी तक्ता बघितला, सगळ्यांसमोर "व्हेरी गुड, सिस्टर" म्हणाले. पप्पांना सांगितलं तर ते लगेच पॉवरलूमवर, सोबतच्या कामगारांना सांगायला निघाले. घरातली पहिली पदवी — त्यांना निमित्तच हवं असतं. शाबासकी कशाची, ते मी नाही सांगितलं. आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि ताटं घ्यायला उठली. ती अशीच. पदवीदानालाही इंदूरला आली नव्हती — उपास आहे, बस लागते, म्हणाली. ते मी विसरलेले नाही.
धुरपदाबाईंचाही उपास चालू आहे. हिंदीवाल्यांचा सावन त्यांनी धरलाय, आपला श्रावण पुढच्या आठवड्यात लागेल तोही धरणार! दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पल्लवी येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगते. मलाही फार कौतुक वाटलं.

१७ जुलै
काय केलं मी!
दुपारी धुरपदाबाईंना ताप. ओठ फुटलेले. लघवी कोऱ्या चहासारखी, आणि करताना आग. इन्फेक्शन.
मावशी मला बाजूला घेऊन हळू म्हणाली, "सिस्टर, तुम्ही चादर बघत होत्या. तांब्या बघितला का?"
तांब्या सकाळपासून काठोकाठ भरलेला. मी तक्त्यात कोरडी लिहीत होते आणि बाई आतून सुकत होती. त्यांनी मला नाही, मावशीला सांगितलं — "सावन मी जन्मात नाही धरला गं. पण पाणीच नाही पिलं तर ओलं कशानं होईल?"
उपास म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. मीसुद्धा नाही विचारलं.

१८ जुलै
मावशीला सरळ विचारलं, तुला कसं कळतं? ती हसली. "पाय बघायचे. बोलता बोलता बाई गप होते, अंगठे आत वळतात. तोंड खोटं बोलतं, पाय नाही बोलत. आणि जिला लाज वाटते ती पहिले पाणी पिणं सोडते. मग त्याला उपासाचं नाव देते."
बावीस वर्षं ही बाई पाय वाचते आहे. मला तिच्यापुढे उभं राहायला संकोच वाटला.
डॉक्टरांकडून आणखी आठ दिवस मागून घेतले. तक्त्यात नवा रकाना — पाणी.

१९ जुलै
मावशी धुरपदाबाईंना स्वतः पेल्यानं पाणी पाजते. "ओली झाली तर होऊ दे बाई, मी कशाला आहे?" दोनदा ओली. त्या रडल्या. मी लिहिलं — पाणी आठ पेले.

२४ जुलै, गुरुवार
आज भरल्या वॉर्डात धुरपदाबाईंनी हाक मारली, "कमल, भांडं आण." मोठ्यानं! ताप गेला, पाणी भरपूर, दोन दिवस चादरी कोरड्या — खऱ्या कोरड्या. नळी नाही! उद्या घरी. आपला श्रावण उद्याच लागतो.
मावशीनं भांडं पल्लवीच्या हातात दिलं. तिनं नाक नाही दाबलं. बकरीचे किस्से तिला कुठले येणार — मोबाइलवर भजन लावलं, फुल आवाजात.

२७ जुलै, रविवार
आई भाजी निवडत शेजारच्यांचं भांडण रंगवून सांगत होती. शिंक आली. वाक्य अर्धंच राहिलं.
माझी नजर आपोआप खाली गेली. अंगठे आत.
उद्या रावेरला मामाकडे जायचंय, बसनं. मी पाणी दिलं तर म्हणाली, "नको, उद्या सोमवार ना. आजपासूनच धरते."
लग्न असलं की उपास. बस असली की उपास. आणि इंदूर.
मी वर्षभर तिच्यावर रुसून होते.

२८ जुलै, सोमवार
रावेरला गेलो नाही. सकाळी आईला हॉस्पिटलला घेऊन गेले. केसपेपर मीच लिहिला — मनकर्णा, वय ४६. किती दिवसांपासून, विचारलं. "तू झाली तेव्हापासून," ती म्हणाली. मावशीनं बकरीचा किस्सा सुरू केला. आई हसली, आणि पेलाभर पाणी प्यायली.